सागावरचा अंगारा

उंब्रजच्या फाट्यावर एसटीतून उतरलेल्या क्रांतीनं आईचं कपाळ बघितलं आणि पिशवी उचलायचं विसरून ती तशीच उभी राहिली. तिचे वडील नाथाजी गेल्यापासून शालूबाईंचं कपाळ मोकळं होतं. निदान टिकली तरी लाव म्हणून लेकीनं वर्षभर जिवाचं रान केलं, पण त्यांनी दाद दिली नव्हती. आज तिथं तपकिरी भुकटीचं ठसठशीत बोट ओढलेलं होतं.

"आई, हे काय लावलंयस?"

"तुझ्या आबांचा अंगारा. चल, दावते."

घरात पाय न टेकता दोघी थेट शेतात गेल्या. नाथाजी फौजेतला माणूस. 'माझी राख नदीत सोडू नका, शेतात पुरा आणि वर झाड लावा,' हा त्यांचा शेवटचा हुकूम. भावकीनं नाकं मुरडली, पण हुकूम मोडायची कुणाची छाती झाली नाही. सावडलेली रक्षा उसाच्या बांधाला खड्ड्यात घातली आणि वर सागाचं रोप लावलं. तेव्हापासून रोज सकाळी शालूबाईंची घागर तिथं रिकामी व्हायची. वर्षाच्या आत साग डोक्याच्या वर गेला होता.

त्याच्या खोडाला गुडघ्याएवढ्या उंचीवर भुशाचं एक जाड पूट चिकटलं होतं. शालूबाईंनी त्यातली चिमूटभर भुकटी नखानं काढून कपाळाला लावली.

"मी काढते आन् रातीत परत भरून येतंय बघ. मातीत घातलेलं वर आलं. म्हटलं, आल्यात."

क्रांतीनं त्या पुटाकडं वाकून बघितलं. विश्रामबागच्या कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवायची, आणि याच प्राण्यावर प्रबंध लिहून ती डॉक्टर झाली होती. भूतपतंगाची अळी. पतंगाची मादी तिन्हीसांजेला उडता उडता हजारोंनी अंडी सांडते, धान्य पेरावं तशी. अळ्या आधी पालापाचोळ्यात वाढतात, मग कोवळं खोड गाठून आत बीळ करतात. लाकडाचा भुसा रेशमात विणून दारावर पडदा लावतात आणि त्याच्या आडोशानं साल खातात. पडदा फाडला की रातोरात नवा विणतात. गावात 'भूतपतंग' हे नाव नुसतं उच्चारलं असतं, तर दुसऱ्या दिवशी झाडापुढं नारळांचा ढीग पडला असता.

"आई, आत अळी आहे. खोड पोकळ करतीय. वळवाचं वारं सुटलं की झाड इथनंच मोडंल."

आईला धक्का बसेल म्हणून तिनं आवाज अगदी मऊ केला होता. धक्का बसला तो तिलाच.

"अळी तर अळी," शालूबाई म्हणाल्या. "जिवाला कंचं तरी रूप लागतंयच की."

"तार घालून काढते मी. झाड वाचंल."

"बापाच्या अंगात तार घालशील व्हय गं?"

क्रांतीनं तारेचा विषय तिथंच सोडला. पतंग होऊन ती अळी आपणच निघून जाईल आणि त्या पतंगाला धड खायला तोंडसुद्धा नसेल, हे तिनं सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी वर्षश्राद्ध झालं, पाहुणे जेवून गेले. तिच्या डोळ्यांपुढून मात्र मोडलेला साग हलेना. आईनं नवऱ्याचं मरण एकदा सोसलं, ते झाड आडवं झालेलं तिला सोसणार नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं. शिकलेल्या माणसाला असं पक्कं करायला वेळ लागत नाही.

सकाळी शालूबाई धारा काढायला गोठ्यात गेल्या, तशी क्रांती सायकलची तार घेऊन बांधावर गेली. पडदा खरवडला, तार बिळात घातली, फिरवली. तार ओली होऊन बाहेर आली. तिनं भोकात चिखल लिंपला आणि हात धुतले. प्रबंधासाठी असल्या कितीतरी अळ्या तिनं मारल्या होत्या, पण आज तिनं हात पुन्हा धुतले.

त्या सकाळी चिखल बघूनही शालूबाईंनी घागर रोजच्यासारखी रिकामी केली. अंगारा फुटायला रात्र जावी लागते, हे त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी घागर कमरेवर घेऊन त्या झाडापाशी वाकल्या, क्रांती मागं उभी होती. चिखल तसाच, सुकलेला. त्यांनी खोडाला सगळीकडून चाचपलं, मग वरपासून पुन्हा चाचपलं.

"आज आलं न्हाईत," त्या म्हणाल्या. नाथाजींचा श्वास थांबला तेव्हा दवाखान्यात त्यांचा चेहरा असाच झाला होता. क्रांती हादरली. खोटं बोलायचं तिनं योजलं होतं, ते जमेना.

"मी काढली अळी. काल."

"मारलीस?"

"हो. पण आई, झाड वाचलं. आता ते पन्नास वर्षं उभं राहील."

शालूबाई लेकीच्या हातांकडं बघत राहिल्या. मग भरलेली घागर तशीच कमरेवर घेऊन घराकडं वळल्या.

"आई, पाणी घालायचं राहिलं."

त्या थांबल्या, पण मागं वळल्या नाहीत.

"मी झाडाला पानी घालत न्हवते गं," त्या म्हणाल्या.