मयूर गेला ते पाणी

फिरायला जायचा हट्ट कमलताईंचाच. लेक अक्षदा नको नको म्हणत होती, पण जाहिरात मोबाइलवर तिनेच सहज वाचून दाखवली होती: परळच्या नाल्याचा काळा इतिहास, रविवारी सकाळी, पायी. महापुरात कमलताईंचा मयूर याच नाल्यात गेला होता. कामावरून कंबरभर पाण्यातून घोडपदेवला घरी येताना झाकण उघडं राहिलेल्या मॅनहोलमध्ये पाय गेला आणि हाताशी आलेला पोरगा नाहीसा झाला. मागे काहीच सापडलं नाही, चप्पलसुद्धा नाही. निदान तो गेला त्या वाटेने एकदा चालावं, एवढंच आईच्या मनात होतं.

माहिती सांगणारा अभय मोठा बोलका होता. नाला आता बहुतेक सगळा स्लॅबखाली गेलेला. त्यामुळे माणसं रस्त्यावरून चालत होती आणि तो खाली बोट दाखवून सांगत होता. गिरण्यांच्या रंगखात्याचं पाणी इथेच सुटायचं. कापड लाल रंगवलं की नाला लाल. गाळ उपसायला उतरलेली माणसं आत गुदमरून मेली, त्यांची नावंही कुणी ठेवली नाहीत. कमलताई मान हलवत मागून येत होत्या.

एका वळणावर अभय थांबला. "महापुरात इथे एक तरुण वाहून गेला. बॉडी मिळालीच नाही."

अक्षदाने आईचा हात घट्ट धरला.

"तो समुद्रातच गेलो असतलो ना रे?" कमलताईंनी विचारलं.

"तीच तर गंमत आहे, मावशी!" अभयला प्रश्न आवडला. "त्या दिवशी मोठी भरती होती. समुद्र पाणी घेतच नव्हता, उलट आत ढकलत होता. तो माणूस तिथवर पोचलाच नसेल. इथेच कुठेतरी गाळात रुतला असेल, आणि नंतर वरून काँक्रीट झालं."

"म्हणजे आपल्या पायाखाली?" घोळक्यातली एक बाई हसली आणि चटकन बाजूला सरली.

"माझो झील होतो तो, माझो मयूर," कमलताई म्हणाल्या. "दर वर्साक मी वरळेक जातंय. समुद्रार जेवणाचा पान ठेवतंय तेका."

अभयचा चेहरा खर्रकन उतरला. "सॉरी मावशी. मला खरंच... मी आपला अंदाज सांगितला." लोक इकडेतिकडे बघत उभे राहिले. मागून टेम्पोवाला हॉर्न मारू लागला, तसा घोळका पुढे सरकला.

टॅक्सीत अक्षदा म्हणाली, "आई, त्याला काय ठाऊक? शाळेत असेल तो तेव्हा." कमलताईंनी दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले.

त्या वर्षी मयूरच्या तिथीला अक्षदाने सकाळीच दहीभात कालवला. कमलताई खाटेवरून उठल्याच नाहीत.

"समुद्रार नाय तो," म्हणाल्या.

"मग परळला जाऊ या का? त्या वळणावर?"

"रस्त्यार पान ठेवतलंस? गाडयेच्या चाकाखाली?"

दहीभात दुपारपर्यंत आंबून गेला.

तेव्हापासून कमलताई चाळीच्या जिन्याखाली उतरत नाहीत. दवाखान्यात न्यायचं झालं तर अक्षदा दोन्ही हातांनी धरून नेते, तरी त्या रस्त्यावर पाऊल उचलतात आणि टेकवायलाच धजत नाहीत. डॉक्टर म्हणाले, गुडघे झिजलेत, या वयात व्हायचंच. गोळ्या चालू आहेत.