लेकीच्या गळ्यातली गाठ

रुईयिंगचं लग्न तोंडावर आलं होतं आणि तिच्या आईच्या, गुईजनच्या, अंगाचा नुसता तिळपापड होत होता. लेकीनं लग्नातला हार शेजारच्या सूछिनकडून करवून घेतला होता. सूछिनकडून! जिला दोरा धड धरता येत नव्हता, जिला गुईजननंच समोर बसवून दोऱ्याच्या शोभेच्या गाठी शिकवल्या, ती आता गाठींत मणी ओवून सगळ्या सूचौ शहरभर मिरवत होती.

"माझे हात काय मोडलेत का गं?" गुईजननं विचारलंच.

"आई, तुझ्या गाठी दारावर टांगायला छान. गळ्यात कोण घालणार? मावशीचे मणी बघ, किती नाजूक!"

"मणी कोणीही ओवेल. गाठ आवळायला मनगट लागतं."

"झालं तुझं सुरू!" म्हणत रुईयिंग केस करून घ्यायला निघून गेली. हाराची डबी मेजावरच राहिली.

गुईजननं डबी उघडली. फक्त बघायला, असं तिनं स्वतःला बजावलं. लाल दोऱ्याची मोठी गाठ, पाकळ्यापाकळ्यांत हिरवे मणी. सुंदर होती मेली! फक्त एक पाकळी जरा ढिली होती. ते पाहून गुईजनला केवढं बरं वाटलं. तिनं ती पाकळी किंचित ओढली.

अख्खी गाठ एकाच दोऱ्याची. इकडे ओढलं की तिकडचं सरकणार, हे तीच सगळ्यांना शिकवायची. पलीकडची पाकळी आत गेली, ती सावरताना तिसरी बिघडली. शेवटी गाठ पार उकलावी लागली आणि मणी तिच्या मांडीत सांडले. घाबरून तिनं उशीवर टाचण्या रोवल्या, दोरा नव्यानं फिरवला, मणी ओवले आणि एकेक पदर आवळत आणला. रुईयिंग परतली तेव्हा हार डबीत होता आणि गाठ अशी बसली होती की गुईजनचीच नजर हटेना.

लग्नाच्या जेवणात नवऱ्या मुलाच्या आजीनं तो हार हातात धरला. "काय गाठ आहे! कोणाचा हात हा?"

"सूछिन मावशीचा," रुईयिंग म्हणाली.

सूछिन हसत पुढे आली. तिनं गाठ उलटून पाहिली आणि तिची बोटं थबकली. एवढं घट्ट कोण आवळतं, हे तिला न कळायला काय झालं? तिनं गुईजनकडे पाहिलं. सांग ना गं बये, गुईजनचा जीव आतून ओरडत होता, हे माझं नाही म्हण! आणि सांगितलंच तर लेकीला काय तोंड दाखवू, हेही तिला कळेना.

"माझं कसलं आलंय," सूछिन खाली बघत म्हणाली. "सगळं गुईजनताईंनीच शिकवलेलं."

"किती गुणाची आहे!" म्हणत आजीनं माशाचा सगळ्यात चांगला तुकडा सूछिनच्या वाटीत घातला.

रुईयिंग आईच्या कानाशी लागली. "बघितलंस? एवढी कारागीर, पण जराही गर्व नाही. शिक काहीतरी तिच्याकडून."