अंधार न राखलेली पेटी

मी एक काळी पेटी बोलतेय. दिसायला कोठीच्या डब्यासारखी, आणि काम एकच: पोटात अंधार राखायचा. तेवढंही मला जमलं नाही. सांगायला लाज वाटते, पण लपवून तरी किती दिवस काढू?

माझा जन्म सोनागिरीतल्या एका क्वार्टरच्या मागच्या शेडमध्ये झाला. भालचंद्रराव मोठ्या सरकारी कारखान्यात पत्राकामाचे फोरमन होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी मला मुलीच्या, म्हणजे डॉक्टर विजयाताईंच्या प्रयोगशाळेसाठी घडवलं. कोपरे अगदी डोळ्यांत तेल घालून सांधले.

काजव्याला ज्याने उजेड येतो ते द्रव्य ताईंनी यकृताच्या पेशींमध्ये आणलं होतं. पेशी जिवंत असल्या की उजळायच्या, मेल्या की विझायच्या. तो उजेड माणसाला दिसत नाही. माझ्या छतातला कॅमेरा दहा मिनिटं टक लावून बसला तर टिपतो. माझ्यात दोन डिशा असत. डावीतल्या पेशींना नुसतं विष, उजवीतल्यांना विष आणि ताईंचं नवं औषध. दोन वर्षं दोन्ही विझत राहिल्या. ताई जेवणाचा डबा न उघडताच घरी जायच्या.

मग खंडेनवमी आली. हत्यारांची पूजा भालचंद्ररावांनी चाळीस वर्षांत चुकवली नव्हती. ते झेंडूची माळ घेऊन आले, माझ्या माथ्यावर उजवीकडे बारीक भोक पाडलं, रबरी वॉशर लावून स्क्रू घट्ट बसवला आणि त्याला माळ अडकवली. हळदकुंकू लागल्यावर मी जरा फुशारलेच. चार दिवसांत माळ वाळली. पाकळ्या पडतात म्हणून ताईंनी ती काढली, स्क्रूही फिरवून काढला आणि दोन्ही कचऱ्यात टाकलं.

त्या दिवसापासून उजवी डिश उजळू लागली.

औषध लागू पडलं असं सगळे म्हणाले. ताईंचा शोधनिबंध छापून आला, पेढे वाटले गेले. पाहुणे माझ्यावर हात ठेवून फोटो काढायचे. तो उजेड पेशींचा नव्हता, खोलीतल्या ट्यूबलाइटचा होता, हे फक्त मला ठाऊक होतं.

अवधपुरीहून वंदना यायची, ताईंची संशोधक विद्यार्थिनी. तिने एकदा उजवीकडे रिकामी डिश ठेवून पाहिली.

"मॅडम, खाली डिश पण चमकतेय."

"नीट धुतली नसशील."

तिने पुन्हा धुतली, पुन्हा दाखवली. तेव्हा ताई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुझ्या हाताचा मला भरवसा नाही, वंदना." वार्षिक अहवालात 'कामात निष्काळजी' असा शेरा पडला आणि ती मंडीदीपच्या औषध कंपनीत नोकरीला निघून गेली. मी मूग गिळून बसले. पेटीला तोंड नसतं ही झाली सबब. खरं म्हणजे मला ते कौतुक सुटत नव्हतं.

पुढची खंडेनवमी तोंडावर आली असताना एका दुपारी, प्रयोग चालू असताना, त्या बिनखिडकीच्या खोलीचे दिवे गेले. कॅमेरा बॅटरीवर चालू राहिला आणि उजवी डिश काळी पडली. ताईंनी माझ्यात टॉर्च ठेवून दार लावलं. माथ्यावर उजेडाचा ठिपका उमटला.

नवमीला भालचंद्रराव आले. "बाबा, तुम्ही पाडलेल्या भोकाने माझा घात केला," ताई म्हणाल्या आणि सगळं सांगितलं.

त्यांनी भोकावरून बोट फिरवलं. "भोक माझंच. पण स्क्रू कुणी काढला?"

"मीच."

"मग निबंध मागे घ्यायचं पत्र आज लिही. त्याआधी त्या मुलीला फोन लाव. माझ्यासमोर."

ताईंनी फोन टेबलावर ठेवला. पलीकडे यंत्रांची घरघर होती.

"वंदना, तुझी डिश स्वच्छ होती. चूक माझी होती."

"माहीत आहे मॅडम. चार वेळा धुतली होती मी." ती म्हणाली. "इथंही प्रत्येक डिश चार वेळा धुते. इथले लोक हसतात. पण हात थांबत नाही."

आता मी जिन्याखाली असते. भोक बुजवलंय. कुणी मला पुन्हा कामाला लावलंच, तर एवढंच करा: माझ्या शब्दाखातर कुणा माणसाला खोटं पाडू नका.