हिल्माचं नाव आणि माझे चार होकार

ऐका, आणि मागे बसलेल्यांनीही ऐका: यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं बोलत असेन तर माझे उरलेले अठरा दात आत्ताच्या आत्ता या कॉफीच्या कपात पडोत. तो एल्क, घोड्याएवढं रानटी हरीण, रोज सकाळी आमच्या भट्टीबाहेर रांगेत उभा राहायचा आणि आपला नंबर आला की मगच पुढे यायचा, हे मी मागे सांगितलं होतं, ते सोडा. तेव्हा मी शपथ घेतली नव्हती.

आमची भट्टी म्हणजे उमे नदीच्या काठावरची एक लाकडी खोली. बर्चच्या लाकडांचा जाळ, आणि त्यापुढे आम्ही दोघी. मी पातळ रोट्या लाटते, माझी नणंद गून-मारी भाजते. नाव ‘हिल्माची भट्टी’. हिल्मा म्हणजे माझी सासू, गून-मारीची आई. त्या जाऊन बावीस वर्षं झाली, पण हुकूम अजून त्यांचाच. मी जरा जाड लाटली की गून-मारी मान वर न करता म्हणते, "आई बघतेय हं, वहिनी."

आमचा खरा धंदा ऑगस्टच्या शेवटी. तेव्हा आंबवलेल्या हेरिंगचे डबे फुटतात, आणि त्याचा वास आधी तीन घरं पलीकडे जाऊन येतो. असला मासा पातळ रोटीत गुंडाळल्याशिवाय घशाखाली उतरत नाही. हल्ली लोक रोटीसुद्धा फोनवर शोधतात आणि जी भट्टी सगळ्यात वर दिसेल तिला ऑर्डर देतात. आम्ही सातव्या नंबरवर होतो. पहिला होता पलीकडच्या काठावरचा कारखाना, जो रोट्या मशीनमधून काढतो, वर्तमानपत्रासारख्या. याची मला फार चीड होती. गून-मारीला नव्हती. ती म्हणायची, सातवा तर सातवा, रोटी काय शर्यतीत पळते का?

मे महिन्यात एका दुपारी कास्परचा फोन आला. स्टॉकहोमचा मुलगा, आवाज असा की लोण्यावरून सुरी फिरावी. म्हणाला, ऑनलाइन मार्केटिंगची कंपनी आहे आमची. आणि मला ‘मॅडम’ म्हणाला. आता आमच्याकडे डॉक्टरला, शाळेच्या मास्तरांना, सगळ्यांना अरे-तुरेच चालतं. एकाहत्तर वर्षांत मला कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. तिथेच मी फोन ठेवायला हवा होता. मी खुर्ची ओढून बसले.

तीन दिवसांत पहिला नंबर, खात्रीनं, म्हणाला. चार हजार समाधानी गिऱ्हाइकं आहेत, म्हणाला. मी त्यांचं पान उघडून बघितलंही, मला वेडी समजू नका. सहा गिऱ्हाइकांचे फोटो होते. त्यातला न्हावी आणि दातांचा डॉक्टर दिसायला अगदी एकसारखे, फक्त एकाला मिशी. मला वाटलं, किती छान, भाऊ भाऊ धंद्यात आहेत. कंपनीचा पत्ता नव्हता, पण मला कुठे तिथे राहायला जायचं होतं? कागद पाठवतोस का, असं मी विचारलं. तो म्हणाला, कागदाची गरजच नाही मॅडम, तुमचा शब्द पुरे. फक्त ही सवलत आज पाचपर्यंतच. घड्याळात पाचला दहा कमी होते.

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही उत्तरेकडची माणसं ‘हो’ म्हणत नाही. आम्ही हो ओढतो. ओठांचा चंबू करायचा आणि झटक्यात हवा आत घ्यायची: श्युप्. झालं. हाच आमचा हो. लग्नात पाद्र्यासमोर तेवढा उच्चार करून म्हणतो, कारण तिथे साक्षीदार असतात.

तर कास्पर एकेक विचारत गेला आणि मी ओढत गेले. पहिला नंबर हवा ना? श्युप्. भट्टीच्या नावाची इंटरनेटवर नोंद आम्ही आमच्याकडे करून घेऊ ना? श्युप्. तीन वर्षांसाठी? श्युप्. फोन नंबरही आमचाच टाकू, ऑर्डरी आम्हीच बघू? श्युप्. चौथ्यांदा तर मी इतक्या जोरात ओढला की समोरच्या मेणबत्तीची ज्योत माझ्याकडे वाकली.

पहिला नंबर आला नाही. जुलैमध्ये गून-मारीच्या मैत्रिणीनं ‘हिल्माची भट्टी’ शोधली आणि दिसलेल्या नंबरवर फोन लावला. उचलणारी बाई म्हणाली, सध्या रोट्या नाहीत, पण तुम्हाला तुमच्या दुकानाची जाहिरात करायची आहे का? मग मी कास्परला फोन केला. त्याच्या तोंडचं मॅडम गेलं होतं. नाव आमच्याकडे नोंदलेलं आहे, म्हणाला, तीन वर्षं ते आमचंच. तुमचा होकार रेकॉर्ड केलेला आहे.

मला गून-मारीला सांगावं लागलं. तिनं हातातली रोटी जाळली. तिच्या हातून रोटी जळलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

"वहिनी," ती म्हणाली, "तू माझ्या आईचं नाव फोनवर देऊन टाकलंस?"

मी म्हटलं, मला फसवलं गं.

"फसवलं कसलं. तुला मॅडम म्हटलं असणार."

मी परत लाटायला घेतलं. हंगामाला पाच आठवडे उरले होते. नाव परत मिळालं नाही तर यंदा आम्ही कुणाला शोधूनही सापडणार नव्हतो. आणि त्याहून वाईट म्हणजे दारावरची पाटी आम्हीच उतरवायची की काय, हा विचार गून-मारीच्या तोंडावर मला रोज दिसायचा. ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलायला लागली. पीठ. लाकूड. बाजूला हो.

गावातल्या दुकानदारांच्या संघटनेनं मग एर्लान्दला मध्यस्थ म्हणून बसवलं. कोर्टात कारकून होता, आता निवृत्त. माणूस अगदी दक्षिणेचा, समुद्राच्या टोकाचा, जिथे कुणी हो ओढत नाही आणि बोलणं तोंडात उकडलेला बटाटा धरून केल्यासारखं वाटतं. कास्पर फोनवर हजर राहिला. तो एकदम निश्चिंत होता. रेकॉर्डिंग त्यानं स्वतःच पाठवलं आणि म्हणाला, सगळं स्पष्ट आहे, ऐका.

एर्लान्दनं ते लावलं. कास्परचा लोण्यासारखा आवाज, मग श्युप्. पुन्हा कास्पर, पुन्हा श्युप्. शेजारी बसलेली गून-मारी दर वेळी जरा जास्त लाल होत होती, कारण तिला चारही होकार घंटेसारखे ऐकू येत होते. माझी नजर जमिनीवर. जमीन छान पुसलेली होती.

एर्लान्दनं टेप थांबवली. "यात बाईंचा हो कुठे आहे?"

कास्पर म्हणाला, "ते... त्या बोलल्या होत्या. त्यांना मान्य होतं."

"मला तर कुणीतरी गरम कॉफी पितंय असं ऐकू येतंय. सिव-ब्रिट, तू तेव्हा कॉफी पीत होतीस का?"

आणि मी काय करावं? श्युप्.

गून-मारीनं टेबलाखाली माझा पाय असा चिरडला की करंगळीचं नख मी अजून वाढवते आहे. एर्लान्दनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, दम्याचा त्रास आहे का म्हणून विचारलं, आणि कागदावर लिहिलं: होकार ऐकू येत नाही. मग कास्परला अगदी हळू आवाजात म्हणाला की टेपमध्ये तुझं ‘कागदाची गरज नाही’ मात्र स्वच्छ ऐकू येतंय. आणि म्हणाला, शुक्रवारपर्यंत नाव मोकळं झालं नाही तर हीच टेप मी पोलिसांना ऐकवीन. फोन बंद झाला. नाव गुरुवारी परत आलं.

घरी येताना गून-मारी गाडीत पहिल्यांदा धडपणे बोलली. म्हणाली, पुढच्या वेळी माणूस मी निवडणार.

तिनं निवडली यिल्वा, हेच मार्केटिंगचं काम करणारी. पहिल्याच भेटीत मी विचारलं, पहिला नंबर देशील ना? यिल्वा म्हणाली, तो कुणीच देऊ शकत नाही, देतो म्हणेल त्याला चहासुद्धा देऊ नका. नावाची नोंद तुमच्याच नावावर राहील, पासवर्ड तुमच्याकडे, काम पटलं नाही तर महिनाअखेर मला काढून टाका, आणि हे सगळं कागदावर. जुन्या तीन गिऱ्हाइकांचे फोन नंबर दिले. म्हणाली, यातला एक माझ्यावर चिडलेला आहे, त्यालाही विचारा. गून-मारीनं आधी त्यालाच लावला. तो पाऊण तास तक्रार करत होता की फोटोत त्याचं पोट जसं आहे तसंच दिसतं. गून-मारीनं फोन ठेवला आणि म्हणाली, हिलाच ठेवायचं.

त्या ऑगस्टला आम्ही चौथ्या नंबरवर होतो, आणि लाटून लाटून माझे खांदे उतरले. हिल्माची पाटी दारावर आहे, हवं तर जाऊन बघा.

आता तुम्ही माझ्या दातांकडे असं टक लावून बघू नका. बरं, एक गोष्ट मी पदरची घातली. एर्लान्द दक्षिणेचा नाही. तो नदीपल्याड दोन मैलांवर जन्मला, वाढला, आणि तिथेच राहतो. टेपमध्ये काय होतं ते त्याला चारही वेळा कळलं, आणि पाचव्यांदा तर मी त्याच्या तोंडावरच हो म्हटलं. त्याला दक्षिणेत मी पाठवलं, कारण तसं सांगितलं की माझं नशीब जोरावर होतं असं वाटतं. खरं सांगितलं तर एवढंच उरतं की मी मूर्खपणा केला आणि एका माणसानं तो ऐकूनही ऐकला नाही.

बाकी सगळं खरं आहे. पाय दाखवू का?