पांढरा दगड कुणी नेला?

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेत तर म्हणाल, ही तर नुसती दगडांची रास. रास आहे हे खरेच. पण मी एक जुनी वाटखूण आहे. उत्तर अटलांटिक समुद्रातल्या फेरो बेटांवर, दोन गावांच्या मधल्या उंच डोंगरधारेवर मी उभी आहे. माझ्या एका बाजूला गवताचा उतार आहे आणि दुसऱ्या बाजूला, हाकेच्या अंतरावर, सरळ समुद्रात उतरणारा कडा.

मला सिमून नावाच्या मेंढपाळाने रचले. त्याने दगड पाठीवरून आणले, प्रत्येक दगड फिरवून फिरवून बसवला आणि सगळ्यांत वर एक पांढरा दगड ठेवला. आमच्याकडचे दगड काळे असतात. पांढरा दगड क्वचित सापडतो, आणि धुक्यात तेवढाच दिसतो. माझ्यापाशी पोचलेल्या माणसाला पुढची खूण दिसावी आणि तिच्यापाशी पोचल्यावर त्याच्या पुढची, अशी आमची रांग होती. रस्ता आणि बोगदा होण्याआधी सुईण याच वाटेने जायची. लग्नाचे वऱ्हाडही याच वाटेने यायचे. जाता-जाता प्रत्येकजण माझा एखादा निसटलेला दगड पुन्हा बसवायचा. त्यासाठी कुणाला सांगावे लागत नसे.

पुढे रस्ता झाला आणि मला विसरायला लोकांना वेळ लागला नाही. वर येत राहिली ती सिमूनची पणती मार्युन. आता तिची सत्तरी उलटली आहे. तिच्याबरोबर ग्रीम नावाचा काळा कुत्रा असतो. ती मेंढ्यांमागे येते, माझ्या आडोशाला बसून वाळवलेले मटण चाकूने कापून खाते आणि ग्रीमशी भांडते.

मग जगभरातून पाहुणे येऊ लागले. खोटे कशाला बोलू, मला आनंदच झाला. पुन्हा पावले वाजू लागली. एक म्हातारे जोडपे तर माझा दगड पडलेला पाहून थांबले. तो कुठे बसेल हे त्यांनी नीट पाहिले, तो जागेवर ठेवला आणि मगच पुढे गेले.

एका दुपारी लाल जॅकेट घातलेली एक मुलगी एकटीच वर आली आणि धुके उतरले. ती घाबरून इकडेतिकडे धावू लागली. कड्याच्या दिशेनेही गेली. तेवढ्यात तिला माझा पांढरा दगड दिसला. ती येऊन मला बिलगली. थोड्या वेळाने ग्रीमचे भुंकणे ऐकू आले आणि पाठोपाठ मार्युन आली.

"अगं, मिठी काय मारतेस तिला? ती काही कुठे पळून जात नाही," मार्युन म्हणाली.

"मला वाटलं, मी मेलेच."

"मेली असतीस तर तुला खाली न्यायला मला किती त्रास झाला असता. ऊठ. आणि हे खा. वास येतो, पण मरत नाही कुणी."

त्या दिवशी मार्युनने तिला घरी नेले आणि रात्री ठेवून घेतले. दुसऱ्या दिवशी जाताना ती मुलगी मुद्दाम वर येऊन गेली. तिने पांढऱ्या दगडावर हात ठेवला. मित्रांनो, मला वाटले, आपल्याला कुणीतरी ओळखले.

काही दिवसांनी स्वच्छ ऊन पडले होते. तेव्हा ती पुन्हा आली. बरोबर तिचे मित्र होते.

"हीच ती," ती त्यांना म्हणाली. "हिच्यामुळे मी वाचले."

"कड्यावरून समुद्र काय मस्त दिसतोय. तिथे दगडांचे मनोरे रचले तर फोटो भारी येतील," एकजण म्हणाला.

"पण दगड काढायचे का हिचे? कुणाची तरी असेल ना ही?" दुसऱ्याने विचारले.

"कुणाची असणार? दगडच तर आहेत," ती म्हणाली. "हा पांढरा मात्र माझा. आयुष्यभर जपून ठेवणार आहे."

तिने तो फार हळुवारपणे उचलला, स्कार्फमध्ये गुंडाळला आणि पिशवीत घातला. बाकीच्यांनी माझे वरचे दगड कड्याकडे वाहून नेले आणि तिथे मनोऱ्यांची रांग उभी केली. ते खूप हसले. मी गुडघ्याएवढी उरले. अनोळखी माणसाने केले असते तर मला इतके लागले नसते.

शरद ऋतूत मेंढ्या खाली आणायचे दिवस आले. मधल्या दिवसांत मार्युन वर आलीच नव्हती. मार्युन एका बाजूने निघाली आणि शेजारी होग्नी दुसऱ्या बाजूने. अर्ध्या वाटेवर धुके आले. मार्युन माझ्या अगदी जवळून गेली, पण मी तिला दिसलेच नाही. तिला दिसले ते पुढचे मनोरे. आमच्या बेटावर कुणी उगीच दगडावर दगड ठेवत नाही. म्हणून ती निःशंक त्यांच्या मागे गेली.

ग्रीम भुंकू लागला.

"गप रे. समोर खूण आहे, दिसत नाही का तुला?" तिचा आवाज मला ऐकू आला.

मग गवत घसरल्याचा आवाज झाला. त्यानंतर फक्त ग्रीमचे भुंकणे.

त्या भुंकण्याच्या रोखाने होग्नी आला. गावातली माणसे दोर घेऊन आली. मार्युन खालच्या एका कपारीत अडकली होती. जीव वाचला, पण पाय मोडला. तिला वर काढून नेताना माझ्यापाशी तिने सगळ्यांना थांबायला लावले.

"हिचे दगड कुठे गेले रे?"

"कड्यावर आहेत," होग्नी म्हणाला. "पाहुण्यांनी मनोरे केलेत त्यांचे. फोटोसाठी."

"फोटोसाठी?" मार्युनने हात लांबवून माझा उरलेला एक दगड चाचपला. मग हळूच म्हणाली, "मला वाटलं, कुणी खूण रचलीय म्हणजे कुणासाठी तरी रचलीय."

होग्नीने ते मनोरे मोडले आणि मला पुन्हा उभे केले. पण पांढरा दगड मिळाला नाही. धुक्यात मी आता कुणालाच दिसत नाही. मार्युन वर येत नाही. ग्रीम कधीकधी एकटाच येतो आणि माझ्या आडोशाला बसतो.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, दूरदूरचे देश पाहाल. जरूर पाहा. तिथली एखादी वस्तू तुम्हाला फार आवडेल, तेव्हा ती तिथे कुणाच्या कामाची आहे, हे तिथल्या माणसांना आधी विचारा. आणि फिरता फिरता कुणाच्या घरी काचेच्या कपाटात एखादा पांढरा दगड दिसला, तर तो जपून ठेवणाऱ्या माणसाला माझा एक निरोप सांगा. म्हणावे, मार्युन अजून लंगडते, आणि डोंगरावर धुके आले आहे.