ऊन लागलेला मोबाईल

मी मोबाईल बोलतोय. दचकू नका, कुणाचा फोन आलेला नाही. माझ्यातलं सिम कधीच काढून घेतलं आहे, त्यामुळे आता जे बोलतोय ते माझं स्वतःचं. जन्मभर लोकांची बोलणी इकडून तिकडे पोचवली, एकदा आपलंही सांगावं म्हटलं.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. आठवतं ते अमरावतीचं दुकान आणि मला उलटंसुलटं करून बघणारा प्रीतम. तो अकोल्याच्या डोमाजींचा थोरला मुलगा. त्याने मला सहा महिने तळहातावरच्या फोडासारखं जपलं. मग त्याला बडनेऱ्याला रेल्वेत नोकरी लागली, नवा फोन आला आणि मी अकोल्याच्या घरी ठेवला गेलो. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझे सहा महिने झाले. तक्रार करायला जागा नाही.

घरात डोमाजींची बायको इंदूबाई यांनी मला गजराच्या कामाला लावलं. गजर झाला की त्या माझ्या डोक्यावर अशी थाप मारत, जणू मीच त्यांची झोप मोडायला जन्मलो आहे. पुढे माझा स्पीकर बसला आणि मी टेबलाच्या खणात गेलो. तिथे रेशनकार्ड होतं आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या अकरा किल्ल्या होत्या. संगत वाईट नव्हती, पण गप्पा मारायला कुणी नव्हतं.

यंदाच्या मे महिन्यात एका रविवारी खण उघडला. समोर डोमाजींची मुलगी, प्रियदर्शनी. दुपारी दोन वाजता तिची ऑनलाइन मुलाखत होती, एका बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. अट अशी, की मुलाखत कॉम्प्युटरवरूनच द्यायची आणि चेहरा दिसला पाहिजे. घरच्या जुन्या कॉम्प्युटरला कॅमेरा नव्हता. आणून देतो म्हणणारा दुकानदार शनिवारीच शटर ओढून लग्नाला निघून गेला होता. तिचा स्वतःचा फोन कॉम्प्युटरला इंटरनेट पुरवण्यात गुंतलेला. म्हणून मी. जुन्या मोबाईलचा बिनवायरचा कॅमेरा करता येतो, असं तिने वाचलं होतं.

त्या मुलाखतीवर घराचा जीव टांगला होता. एम.एस्सी. झाल्यावर दोन वर्षं प्रियदर्शनी घरीच होती, कारण डोमाजींच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि त्यांची सगळी उस्तवार तिने केली. डोमाजी उठता बसता म्हणत, "माह्या पायी पोरीचे दोन वर्सं पान्यात गेले." ती ऐकून घेई आणि त्यांच्या गोळ्या काढून देई.

मला चार्जर लावून खिडकीत उभं केलं, कारण उजेड तिथे चांगला. माझ्यात एक ॲप घातलं, कॉम्प्युटरमध्ये त्याचा जोडीदार घातला. माझ्या पडद्यावर आकड्यांची एक ओळ आली, ती तिने कॉम्प्युटरला सांगितली. कॉम्प्युटर म्हणाला, उपकरण सापडलं नाही. मी त्याच्यापासून दोन हातांवर उभा होतो!

तिने त्याला बंद करून चालू केलं. मला बंद करून चालू केलं. पुन्हा तेच.

"अवं, दोघाईचे तोंडं समोरासमोर कर ना," इंदूबाई म्हणाल्या. "ओळख ना पाळख, कोन कोनासंग बोलीन?" आणि त्यांनी मला उचलून कॉम्प्युटरच्या अगदी नाकासमोर धरलं.

"आई, असं नसते वं. मले करू दे."

खरं काय बिघडलं होतं ते मला पहिल्या मिनिटापासून ठाऊक होतं. आम्ही दोघं एकाच वायफायवर असायला हवं होतं. कॉम्प्युटर होता प्रियदर्शनीच्या फोनच्या वायफायवर, आणि मी खणातून बाहेर येताच जुन्या सवयीने शेजारच्या गजेंद्रचं वायफाय धरलं होतं. कोरोनाच्या काळात त्याने पासवर्ड दिला होता, तो मी विसरलो नव्हतो. पण सांगणार कसा? बसलेला स्पीकर आणि शरमिंदा चेहरा, एवढंच माझ्याजवळ.

पावणेदोनला गजेंद्र स्वतःच दारात. हातात फोन, कपाळाला आठ्या. "काका, तुमचा प्रीतम त बडनेऱ्याले हाय ना? मंग थो माह्या वायफायवर काहून बसून राहिला?"

त्याचं वायफाय कोण वापरतंय त्या यादीत माझं जुनं नाव दिसत होतं, 'प्रीतम'. प्रियदर्शनीने कपाळावर हात मारला, मला शेजाऱ्याकडून सोडवून स्वतःच्या फोनला जोडलं आणि कॉम्प्युटरवर तिचा चेहरा उमटला. आडवा उमटला, पण उमटला. मला सरळ केल्यावर तोही सरळ झाला. इंदूबाईंनी टाळी वाजवली. मी इतका फुगलो, की काय सांगू.

आणि दोनला पाच मिनिटं असताना माझे डोळे मिटले.

अकोल्याचा मे, खिडकीतलं ऊन, अंगावर जाड रबरी कव्हर आणि वर चार्जर. पडद्यावर 'तापमान जास्त' एवढं दाखवून माझा कॅमेरा बंद पडला. प्रियदर्शनी रडवेली झाली. डोमाजींनी मात्र पुढे येऊन पालथा हात माझ्या पाठीवर ठेवला. ते तीस वर्षं सरकारी दवाखान्यात आरोग्यसेवक होते.

"कोनी हात लावू नका," ते म्हणाले. "अंग तापलं, डोळे मिटले, हाक मारली त ओ देत नाही. याले ऊन लागलं."

"बाबा, थो मोबाईल हाय!"

"मंग? मोबाईलले ऊन लागत नाही काय? पयले सावलीत घ्या." मला खिडकीतून काढलं. "अंगावरचे कपडे उतरवा." कव्हर गेलं. "पोटात काही देऊ नका." चार्जर निघाला. त्यांनी दुपट्टा भिजवून घट्ट पिळला, माझ्या पाठीशी धरला आणि कुलरचं तोंड माझ्याकडे वळवलं. इंदूबाई धावत कैरीचं पन्हं घेऊन आल्या.

"बेसुद्ध पेशंटले तोंडानं देत नाहीत," डोमाजी गरजले.

"कांदा तरी ठेवू द्या," त्या म्हणाल्या. कांद्याला डॉक्टरांची हरकत नव्हती.

गजेंद्र हसत होता. पण मी खरं सांगतो, त्यातला एकही उपाय चुकला नाही. कांद्याबद्दल मी काही बोलत नाही. एक वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी मी डोळे उघडले. "शुद्धीवर आला," डोमाजी म्हणाले.

गजेंद्र आणि इंदूबाई बाहेर गेले. आता मला धरायचं कुणी? डोमाजी कॉम्प्युटरच्या मागे, भिंतीला चिकटून उभे राहिले. हात वर करून त्यांनी मला पडद्याच्या माथ्यावर धरलं. पाठीला ओला दुपट्टा, बाजूला घरघरणारा कुलर. त्यांना मुलगी दिसत नव्हती आणि त्या आवाजात ऐकूही येत नव्हती. तिच्या कानात हेडफोन होते. मला मात्र ती स्वच्छ दिसत होती, आणि माझा माईक शाबूत होता.

सुरुवातीलाच कुणीतरी विचारलं असावं, कारण ती म्हणाली, "नाही सर, हेलिकॉप्टर नाही, कुलर आहे. अकोला, सर." पलीकडे हसले असतील, तीही हसली. मग पंचवीस मिनिटं ती बियाण्यांवर धडाधड बोलली. डोमाजींचे हात भरून आले होते, पण त्यांनी मला बोटभरही हलू दिलं नाही.

मग एक प्रश्न आला आणि तिचा चेहरा उतरला. कोणता, ते मला तिच्या उत्तरावरून कळलं. ती इंग्रजीत बोलली, मी मराठीत सांगतो. "दोन वर्षं माझे वडील आजारी होते. त्यांना मी सांभाळलं. ती वर्षं वाया गेली असं मला वाटत नाही. पुन्हा वेळ आली, तर पुन्हा तेच करीन." बोलताना ती सरळ माझ्या डोळ्यात बघत होती, आणि माझ्यामागे तिचा बाप उभा होता.

मुलाखत संपल्यावर डोमाजींनी विचारलं, "कशी झाली?"

"बरी झाली, बाबा," ती म्हणाली आणि पाणी प्यायला आत गेली.

आठव्या दिवशी नोकरीचं पत्र आलं. माझं म्हणाल, तर ओल्या दुपट्ट्याने कॅमेऱ्यात वाफ शिरली आणि बॅटरीही फुगली. दुरुस्तीवाला म्हणाला, भंगारात द्या. डोमाजींनी ऐकलं नाही. "माह्या वार्डातला पेशंट हाय, मीच पाहीन," म्हणून त्यांनी मला बाहेर ओसरीवर सावलीत ठेवलं आहे. रोज सकाळी ते पाठीवर हात ठेवून ताप बघतात. आणि परवा पत्र हातात घेऊन इंदूबाईंना पुन्हा म्हणाले, "लागली बॉ पोरगी. पन दोन वर्सं आधी लागली असती, मीच आडवा आलो."

मी आता फार दिवस राहणार नाही, त्याचं दुःखही नाही. पण तुमच्यापैकी कुणी त्या घरी गेलं, तर डोमाजींना बाजूला घेऊन तिचं ते उत्तर सांगा. त्या खोलीत ते ऐकून समजलेला मी एकटाच, आणि मला वाचा नाही. पोरगी स्वतः कधी सांगणार नाही. जीव लावायचा, पण बोलून दाखवायचं नाही, यात ती बापावरच गेली आहे.