समताच्या दोन रिंगा

मित्रांनो, मुलींच्या वसतिगृहातलं ते लोखंडी कपाट उघडलंत, तर जुन्या चादरींखाली एक उदी रंगाचा टेलिफोन दिसेल. तो मी. एकेकाळी मोठा तोंडाळ होतो. बुलडाण्याच्या या कॉलेजात माझा आवाज ऐकला की मुली जेवणाचं ताट सोडून धावायच्या. आता वायर कापलेली आहे, म्हणून गप्प आहे. पण वसतिगृह सांभाळणाऱ्या सिंधूताई याच खोलीत बसतात, त्यामुळे सगळं ऐकू येतं.

मी टेबलावर होतो तेव्हा केवढा मान होता माझा! सिंधूताई मला रोज ओल्या फडक्यानं पुसायच्या. मुलींच्या आया माझ्यातून रडायच्या, रागवायच्या, पापड पाठवल्याचं सांगायच्या. पण मला सगळ्यांत आवडायचे ते अमडापूरचे जानराव. ते गवंडी होते. उंच परांचीवर चढून भिंती बांधायचे. त्यांची मुलगी समता इथं शिकायची. तिनं आपला मोबाइल धाकट्या भावाच्या अभ्यासासाठी घरीच ठेवला होता. बापाच्या त्या कामाची तिला फार धास्ती. म्हणून दोघांचं ठरलं होतं. संध्याकाळी घरी पोचले की जानरावांनी फोन लावायचा, मी दोनदा वाजायचं आणि त्यांनी ठेवून द्यायचा. दोन रिंगा म्हणजे बाबा सुखरूप घरी. समता पायरीवर बसून वाट पाहायची आणि मी वाजलो की हसत जेवायला जायची. एक शब्दही न बोलता मी त्या पोरीच्या जिवाला निवांत करायचो, याचा मला गर्व होता.

मग कॉलेजात इंटरनेटवर चालणारे फोन आले. नारळ फुटला, पेढे वाटले. माझा नंबर नव्या यंत्रणेला दिला आणि मला कपाटात टाकलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? नवा फोन देखणा होता, हुशारही होता. फक्त इथं घंटी वाजायच्या आधीच त्यात भरून ठेवलेला एका बाईचा आवाज बोलू लागायचा. "आपलं स्वागत आहे. वसतिगृहासाठी चार दाबा." कुणी काही दाबलं नाही, तर थोडं थांबून "धन्यवाद" म्हणायचा आणि फोन बंद.

दोन रिंगा थांबल्या. समतानं नव्या फोनवरून घरी विचारलं आणि हसतच सिंधूताईंकडे वळली.

"ताई, बाबा म्हन्तात, तुमच्या हॉस्टेलात नवी बाई ठेवली, लय गोड बोलते. पोचलो म्हनून रोज तिलेच सांगून देतात."

"मंग तू सांगतलं नाही का, ते मशीन आहे म्हनून?"

"सुट्टीत समजावून सांगीन नं. आता कायले त्यायचा हिरमोड?"

दोघी खूप हसल्या. मीही कपाटात हसलो.

परीक्षा चालू असताना एका सकाळी समताचे काका आले आणि तिला घेऊन गेले. ती परतली ती थेट या खोलीत. सिंधूताईंच्या मांडीवर डोकं ठेवून तिनं जे सांगितलं, ते मी ऐकलं. जानराव परांचीवरून पडले होते. त्यांना बुलडाण्याच्याच दवाखान्यात आणलं होतं, इथून चालत जाण्याइतकं जवळ. तिथून त्यांनी स्वतः फोन लावला होता. "जयभीम बाई. समताले सांगजा, तिचा बाप इथंच दवाखान्यात आहे. पेपर झाला का येऊन जाय म्हना. घाबरू नको म्हना."

"आई म्हने, पोरीले आनाले कोनाले पाठवू का? तं बाबा म्हने, कायले? त्या बाईले समदं सांगतलं, ती धन्यवाद म्हनली. आता समता येईनच." समतानं ताईंचा पदर घट्ट धरला. "दिवसभर दाराकडे पाहून राह्यले होते, ताई. रातीच गेले. अन् मी इथं पेपर देऊन झोपली होती."

सिंधूताईंनी भांडून तो आवाज बंद करवला. आता फोन त्या स्वतः उचलतात.

मित्रांनो, नवी यंत्रं जरूर आणा. हवं तर मला कपाटातून काढू नका, पुसूही नका. पण पलीकडे कुणाचा तरी बाप बोलत असतो. त्याचं ऐकायला अलीकडे एक माणूस असू द्या.

समता अजूनही एखाद्या संध्याकाळी कपाट उघडते. मला मांडीवर घेते, रिसीव्हर कानाला लावून बसते. मी जिवाच्या आकांतानं जोर लावतो. दोनदाच तर वाजायचं असतं मला.